ओव्हलसमोरच्या १९३०च्या इमारती आणि बेळगावातली त्या काळची घरं: इतिहास वाचून दुरुस्ती

टिळकवाडी_गच्ची:
मुंबईत ओव्हल मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट आणि विद्यापीठाची गॉथिक रांग आहे. पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको (सरळ रेषा आणि गोलाईची, त्या काळची नवी शैली) राहत्या इमारतींची रांग आहे. दोन्ही मिळून, मरीन ड्राइव्हसकट, ९४ इमारती ३० जून २०१८ ला जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यावर फोटो भरपूर निघतात, पण बांधणी काय होती हे कुणी लिहीत नाही. आपल्याकडं बेळगावात टिळकवाडी, शहापूर, कॅम्प भागात १९३० ते ४५ मधली बरीच घरं उभी आहेत: गोल बाल्कनी, खिडकीवर पुढं आलेला पातळ छज्जा, खडा गिलावा, जिन्यात रंगीत फरशी. दुमजली, चार बिऱ्हाडांची. ती आता एकेक करून "स्ट्रक्चरल रिपेअर"च्या नावाखाली सिमेंटनं लिंपली जातायत. प्रश्न दोनच. मुंबईच्या त्या इमारती नेमक्या कशाच्या, आणि तिथली दुरुस्तीची रीत इथं लागू पडते का?

बॅकबे_पट्टी:
आधी जमीन. ती इमारतींपेक्षा जास्त वादग्रस्त होती. १९२० मध्ये गव्हर्नर लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) स्थापन झालं आणि बॅक बे भरायला घेतला. आठ भागांत ११४५ एकर जमीन काढायचा बेत होता. खर्च फुगला, काँग्रेसचे पुढारी वीर नरिमन यांनी कारभार चव्हाट्यावर आणला, आणि शेवटी १, २, ७, ८ एवढेच भाग झाले, सुमारे ४४० एकर. ओव्हल आणि मरीन ड्राइव्हची राहती रांग याच भरावावर आहे.

याच खात्यानं त्याच दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी बांधल्या, एकूण २०७. त्यासुद्धा, ओव्हलच्या इमारतींसारख्याच, आरसीसीच्या, म्हणजे आत लोखंडी सळई घातलेल्या कॉंक्रीटच्या. म्हणजे समुद्र बुजवणारं आणि एका खोलीत गिरणी कामगाराचं कुटुंब कोंबणारं खातं एकच. डेकोच्या कौतुकात हे निसटतं म्हणून नोंदवून ठेवलं.

नकाशा_८फूट_१इंच:
त्यात भर. १९३०च्या दशकात मुंबईत "फ्लॅट" ही मध्यम आणि वरच्या वर्गासाठी नवी गोष्ट होती. चाळीत संडास-नळ सामायिक, वाड्यात तो मागच्या अंगणात. फ्लॅटमध्ये न्हाणी-संडास घरातच, स्वयंपाकघर वेगळं, लिफ्ट, आणि मागच्या बाजूला नोकरांसाठी वेगळा जिना. नोव्हेंबर १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सनं टाऊन हॉलमध्ये "आयडियल होम" प्रदर्शन भरवलं ते याच नव्या राहणीची ओळख करून द्यायला.

मराठी वाचकांनी एक नाव लक्षात ठेवावं: गजानन बाबूराव म्हात्रे. ओव्हलवरचं एम्प्रेस कोर्ट आणि मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचं सूना महल, दोन्ही त्यांची. सूना महल १९३७ चं. कोपऱ्याच्या प्लॉटवर गोलाई कशी वळवायची आणि वर मनोरा कसा चढवायचा हे तिथं बघावं. आपल्याकडच्या कोपऱ्यावरच्या घरांत तीच गोलाई लहान मापात दिसते.

आणि "आर्ट डेको म्हणजे नक्षी" असं समजू नका. खिडकीवरून सलग धावणारा भुवईसारखा छज्जा हा मुळात ऊन-पावसाचा बंदोबस्त आहे. नक्षी नंतर.

सळई_सूत:
बांधणीचं बोलू. सिमेंट हा या सगळ्याचा कणा. कॉंक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया १९२७ ची, सिमेंट मार्केटिंग कंपनी १९३० ची, आणि बऱ्याच कंपन्या एकत्र येऊन एसीसी (असोसिएटेड सिमेंट कंपनीज) झाली १९३६ ला. देशी सिमेंट मुबलक झालं तेव्हाच ही शैली फोफावली, हा योगायोग नाही.

ओव्हलच्या इमारती म्हणजे आरसीसीचा सांगाडा आणि मध्ये विटांची भर. मिश्रण मापानं, १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी). सळई साधी, गुळगुळीत, गोल, टोकाला आकडा वळवलेली. मापं सूत-इंचात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग): तीन सूत, अर्धा इंच, पाच सूत. आच्छादन, म्हणजे सळईवरचं कॉंक्रीट, स्लॅबला अर्धा इंच, तुळईला एक इंच धरायची रीत होती. आज कॉंक्रीटच्या भारतीय मानकानुसार (आयएस ४५६) सौम्य हवेत २० मिमी आणि समुद्रकाठच्या तीव्र हवेत ४५ मिमी लागतं. अर्धा इंच म्हणजे साडेबारा मिमी. तिथल्या इमारतींचं दुखणं इथं सुरू होतं.

हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू कॉंक्रीटमध्ये शिरतो आणि त्याचा क्षारपणा (अल्कधर्मीपणा, खारटपणा नव्हे) घालवतो. तो क्षारपणा सळईला गंजापासून जपत असतो. किती आत शिरणार हे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं: २५ वर्षांत १० मिमी, तर १०० वर्षांत साधारण २० मिमी. साडेबारा मिमीचं आच्छादन केव्हाच ओलांडलं गेलंय. वर मरीन ड्राइव्हला खारी हवा. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या अडीच ते सहापट होतं, म्हणून कॉंक्रीट फुगून खपली पडते.

टिळकवाडी_गच्ची:
मग बेळगावात खारी हवा नाही म्हणजे आपण सुटलो?

सळई_सूत:
अर्धे. समुद्रापासून लांब, अडीच हजार फूट उंचीवर, त्यामुळं मीठ नाही. पण पाऊस आहे की. इथं गंजतं ते गच्चीतून आणि न्हाणीघरातून झिरपणाऱ्या पाण्यानं. कोरड्या खोलीच्या स्लॅबला क्षारपणा गेला तरी सळई बहुधा बरी असते, ओल मिळाली की ती गंजते. म्हणून इथं पहिला खर्च पाणी थांबवण्यावर करायचा. मुंबईची सगळी रसायनं आणून ओतायची गरज नाही.

जांभा_चिरा:
इथं मुंबईचं पुस्तक बंद करून दुसरं उघडावं लागतं. आपल्याकडची त्या काळची बहुतेक घरं सांगाडा नाहीतच. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या किंवा विटांच्या, चुन्यात बांधलेल्या, त्यावर भार. आरसीसी फक्त छज्जा, बाल्कनी, कधी गच्चीचा स्लॅब. काही ठिकाणी लोखंडी गर्डरवर फरशी नाहीतर कोबा (विटांच्या तुकड्यांचा कुटलेला थर), मागच्या भागावर सागवानी वासे आणि मंगळुरी कौलं. एकाच घरात तीन तऱ्हा. जो कंत्राटदार तिन्हींवर एकच माल थोपतो तो घर बिघडवतो.

नवखा_१२:
चुना की सिमेंट हे ओळखायचं कसं? व्हिनेगर टाकून फसफसलं तर चुना, असं वाचलंय.

जांभा_चिरा:
चूक. सिमेंटचा गिलावाही फसफसतो, कारण जुन्या सिमेंटमध्येही चुन्याचे क्षार असतात. खिळ्यानं ओरखडा काढा. चुना पांढरट-पिवळसर, नखाखाली भुकटी होतो, आत अधूनमधून न विरलेल्या चुन्याचे पांढरे खडे आणि सुरखीचे (विटांच्या भुकटीचे) लाल ठिपके दिसतात. सिमेंट राखाडी, खिळा घसरतो. एकाच जागी बघू नका. दाराच्या चौकटीमागं, जिन्याखाली, माळ्यावर बघा. दर्शनी भागावर १९७०-८० नंतर सिमेंट चढलेलं असतं, त्याखाली मूळ सापडतं.

मोडी_उतारा:
इमारतीचा काळ ठरवायला मालाचीच मदत होते. सुटलेलं मंगळुरी कौल उलटं करा, पाठीवर कारखान्याचं नाव छापलेलं असतं. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा, नंतर अनेकांनी नक्कल केली. नुसतं कौल बघून काळ ठरवू नका मात्र, कौलं एका घरावरून दुसऱ्यावर जातात. गर्डरच्या मधल्या पट्टीवर उठावाची अक्षरं असतात: डॉर्मन लाँग असेल तर माल विलायती, टाटा असेल तर १९१२ नंतरचाच.

कागद: ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, म्हणून त्याआधीची कागदपत्रं मुंबई इलाख्याच्या पद्धतीची. १९२५ च्या कायद्याखालच्या बरो म्युनिसिपालिटीची घरपट्टी, सिटी सर्व्हेचा उतारा, खरेदीखत. खरेदीखतात मराठी, कानडी, इंग्रजी तिन्ही भेटतात, त्याहून जुन्यात मोडी. क्रम असा ठेवा: आधी सीटीएस (सिटी सर्व्हेचा) उतारा, त्यावरचे फेरफार मागं मागं वाचत जायचं, मग सब-रजिस्ट्रारकडून बोजा दाखला, मग खरेदीखताची नक्कल. चतुःसीमेत "नवीन बांधलेली इमारत" असा शब्द आला की काळ दहा वर्षांच्या आत येतो. कॅम्पातल्या बंगल्यांचं वेगळं. तिथं जीएलआरचा, म्हणजे कँटोन्मेंटच्या जमीन-नोंदवहीचा, उतारा लागतो, आणि पुष्कळ ठिकाणी जमीन सरकारची, फक्त बांधकाम खाजगी. ते न बघता खर्च करू नका.

बॅकबे_पट्टी:
भाडेकरूंचा मुद्दा यात हवाच. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. ओव्हलच्या इमारती तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांच्या. तेव्हापासून मालकाला दुरुस्तीत फायदा नाही, भाडेकरूला मालकी हक्क नाही. त्यामुळं मूळ फरशी-दारं वाचली आणि सळई मात्र कुजली. राज्य बदलल्यावर इकडं १९६१ चा आणि मग १९९९ चा भाडे कायदा आला, तरी जुन्या बिऱ्हाडांचा गुंता तोच.

खपली_हातोडी:
आता आरसीसीची दुरुस्ती. लोक थेट गिलावा फोडतात. आधी एक पौंडाच्या हातोडीनं सगळा स्लॅब खालून हलकेच ठोकत जा. बद आवाज आला तिथं खडूनं वर्तुळ करा. मग दोन-तीन ठिकाणी ताजं कॉंक्रीट उघडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचा १ टक्का द्राव मारा. गुलाबी झालं तिथं क्षारपणा शिल्लक, रंग आला नाही तिथं संपला. फोडल्या फोडल्या मारायचं, धूळ पुसून. दुसऱ्या दिवशी मारून उपयोग नाही.

सळईला तारेच्या ब्रशनं घासून कॅलिपर लावा. अर्ध्या इंचाची सळई मूळ १२.७ मिमी. ती ११ मिमी भरली तर "दीड मिमीच गेलंय" असं वाटतं, पण क्षेत्रफळ चतुर्थांश गेलेलं असतं. २० ते २५ टक्क्यांच्या पुढं घट असेल तर जोडसळई, आणि ते अभियंत्याला विचारून.

काम करताना: आधी ठेके (स्लॅबला खालून आधाराचे खांब) लावा. ढिला माल काढा आणि सळईच्या मागं बोट जाईल एवढं, २५ मिमी, मोकळं करा. अर्धी सळई जुन्या मालात ठेवून वरून लिंपलं तर दोन पावसाळ्यांत परत खपली. लखलखीत घासा, जस्ताचा प्रायमर, जोडलेप, आणि तो ओलसर असतानाच पॉलिमर मॉर्टर १० ते १२ मिमीच्या थरांत. ५० मिमीपेक्षा जाड भर असेल तर साचा लावून मायक्रोकॉंक्रीट (बारीक खडीचं, ओतता येणारं). सात दिवस ओलं पोतं.

एक गोष्ट बरेच जण सांगत नाहीत. चांगला ठिगळ लावला की त्याच्या शेजारची, न फोडलेली जागा आधीपेक्षा वेगानं गंजू शकते, कारण एकाच सळईवर नवा क्षारयुक्त भाग आणि जुना भाग यांची विजेची जोडी जमते. म्हणून वर्तुळापुरतं न फोडता चारी बाजूंना अजून वीतभर उघडून बघा.

नकाशा_८फूट_१इंच:
छज्जा आणि बाल्कनीला हे जसंच्या तसं लावू नका!! दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबात मुख्य सळई खाली असते. भिंतीतून नुसता बाहेर आलेल्या छज्ज्यात ती वर असते, कारण ताण वरच्या बाजूला येतो. छज्जा खालून खपलला म्हणून खालून जाळी बांधून लिंपणारे गवंडी पुष्कळ. दिसायला ठणठणीत, जोर शून्य, उलट वजन वाढलेलं. वरच्या अंगानं उघडा, भिंतीलगत चीर आहे का बघा. भिंतीला समांतर, वरच्या बाजूला चीर दिसली तर त्या दिवसापासून खाली उभं राहणं बंद आणि ठेके.

हे छज्जे टोकाला दोन-तीन इंचच जाड असतात. त्यावर एसीचं बाहेरचं यंत्र म्हणजे ३०-४० किलो वजन आणि थरथर. कुंड्यांची रांग त्याहून वाईट, पाणी मुरतं. आणि खालच्या कडेला असलेली पन्हळ, म्हणजे थेंब तोडणारी बारीक खाच, गिलाव्यानं बुजवू नका. ती बुजली की पाणी छज्ज्याच्या पोटाखालून भिंतीपर्यंत वाहत जातं.

टिळकवाडी_गच्ची:
गच्ची गळते म्हणून जुन्या कोब्यावर नवीन कोबा टाकायला सगळे सांगतात. चार इंच.

सळई_सूत:
हिशेब करा. विटांचा कोबा चार इंच म्हणजे चौरस मीटरला सुमारे २०० किलो. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर, साडेअठरा टन. गच्चीवर माणसं-सामान मिळून धरायचा भार चौरस मीटरला १५० किलो असतो. म्हणजे वापरायची ताकद सगळी आणि वर ५० किलो, एका दुपारी खर्च. जुना काढूनच नवीन टाका, आणि काढताना ढिगारा स्लॅबच्या मधोमध रचू नका. उतार शंभराला एक तरी हवा, आणि आधी नळी-पागोळी तपासा. निम्म्या वेळा कोबा शाबूत असतो, गळतं ते पाइपाच्या गळ्याशी.

जांभा_चिरा:
भिंतीकडं येऊ. जांभा सच्छिद्र. जमिनीतली ओल वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून उडून जाते. त्यावर सिमेंटचा थर दिला की ओलीला वाट नाही. ती आतल्या बाजूनं किंवा अजून वर निघते, आणि चिऱ्यातले क्षार फुलून दगडच भुसभुशीत होतो. मग म्हणतात, "जांभा कच्चा होता."

बाहेरची पातळीही बघा. गल्लीत पेव्हर चढत चढत रस्ता जोत्याच्या वर गेलेला असतो. भिंतीलगत फूटभर रुंदीचा पट्टा खणून खडी भरा आणि पाण्याला उतार द्या. गिलाव्याच्या आधी हे.

माल: विरवलेला चुना एक, वाळू तीन. सतत भिजणाऱ्या भिंतीला एक चुना, एक सुरखी, दोन वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटांची. खणखणीत भाजलेल्या विटेची भुकटी नुसती वाळूचं काम करते. कळीचा चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी कधीच नाही, उसळून डोळ्यांत जातो. चष्मा घाला. निदान दोन आठवडे पाण्याखाली मुरू द्या, तीन महिने असतील तर उत्तम. पाऊण इंच गिलाव्याला, दोन थरांत, १०० चौरस फुटांना सुमारे ८ घनफूट वाळू आणि पावणेतीन घनफूट चुना लागतो. यात सांध्यांची भर आणि नासधूस धरली आहे.

नवखा_१२:
एम-सँड (दगड भरडून केलेली वाळू) चालते? नदीची वाळू परवडत नाही.

जांभा_चिरा:
गिलाव्याची म्हणून मिळते ती, धुऊन. बाटलीत निम्मी वाळू आणि पाणी घालून हलवा, तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर परत धुवा. बारीक भुकटी राहिली की गिलाव्याला केसासारख्या चिरा पडतात आणि दोष चुन्याला जातो.

खपली_हातोडी:
थोडा विरोध. घाणीवर (चुना दळायच्या दगडी चाकावर) चुना मळणारे आता मिळत नाहीत, आणि नुसता चुना पावसाच्या तोंडच्या भिंतीला धुऊन जातो. मूठभर सिमेंट घातलं तर काय बिघडतं?

जांभा_चिरा:
मूठभरानंच बिघडतं. थोडं सिमेंट घातलं की माल लवकर आवळल्यासारखा दिसतो, गवंडी पाणी मारणं सोडतो, आणि चुना हवा घेऊन कडक व्हायच्या आधीच वाळून भुसा होतो. कडकपणा हवा असेल तर सुरखी घाला. घाणी नसली तरी खोरं आणि धुमसानं अर्धा तास कुटलेला माल चालतो, शिवाय दुसऱ्या दिवशी परत कुटता येतो. हिरडा-गुळाचं पाणी घालतात, पण गूळ वाढवला की आवळायला उशीर आणि मुंग्या. पावसाबद्दल तुमचं बरोबर आहे. म्हणूनच काम दसऱ्यानंतर सुरू करून फेब्रुवारीत संपवायचं. मे महिन्यात लावलेला चुना जूनच्या झडीत टिकत नाही. वरून चुन्याचे तीन हात. प्लास्टिक रंग लावला तर एवढं सगळं केलेलं वाया.

मोडी_उतारा:
परवानगीचं थोडक्यात. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीनं पहिली, दुसरी-अ, दुसरी-ब, तिसरी अशा श्रेणी आहेत आणि दर्शनी बदलाला वारसा समितीकडं जावं लागतं. ती श्रेणी आपल्याकडच्या घराला लागत नाही. इथं बघायचं ते हे: किल्ल्यातल्या जैन बस्तीसारख्या केंद्रीय संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आणि दुरुस्तीलाही आधी परवानगी. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधकाम असो की दुरुस्ती, परवानगी लागतेच. कॅम्पात कँटोन्मेंट बोर्ड, बाकी ठिकाणी महापालिका. अर्जाला फोडायच्या आधीचे फोटो जोडा, दिशा आणि तारीख लिहून.

टिळकवाडी_गच्ची:
शेवटचं एक. जिन्यातल्या जुन्या रंगीत सिमेंट फरशा काळवंडल्यात. पॉलिशवाला ॲसिडनं धुऊन मशिन मारतो म्हणतोय.

नकाशा_८फूट_१इंच:
त्याला चहा पाजून परत पाठवा. या फरशीत रंगाचा थर वरच्या चार-पाच मिमीतच असतो, खाली साधं सिमेंट. मोझेकवर फिरवतात ते मशिन नक्षी खाऊन टाकतं, आणि ॲसिड रंगाच्या थरातलं सिमेंट चाटून खडबडीत करतं, मग मळ दुप्पट धरतो. कोमट पाणी, साधा साबण, नायलॉनचा ब्रश. तेलाच्या डागाला खडूची भुकटी आणि रॉकेलचा लेप, रात्रभर झाकून. काडेपेटी-विडी लांब. नीट वाळल्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात, फडक्यानं पुसून काढलेला. फुटलेल्या फरशा फेकू नका, मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज १९२२ पासूनची आहे आणि अजून साच्यात फरशी दाबते. नमुना म्हणून एक अख्खी आणि एक तुटकी दोन्ही लागतात. तुटकीच्या कडेला रंगाच्या थराची जाडी मोजता येते.